खुर्ची बदलली, पावतीबुकाचे काय?



ऊस तुटून गेला, खोडव्याला खत-पाणी झाले, म्हणजे आपल्या भागात बोलायला एकच विषय उरतो, तो पुढाऱ्यांचा. सेनगावच्या बाजारात जा, गोरेगावच्या स्टँडवर जा, नाहीतर गव्हाणीसमोर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना चहाच्या टपरीवर बसा. कुणा पुढाऱ्याचे काही प्रकरण पेपरात आले की झाले. आता याची खुर्ची राहते का जाते, पक्षातला कोणता गट उठला, किती आमदार फुटले, दिल्ली काय म्हणते, यावर चर्चा रंगते. लोकशाहीत पुढाऱ्याची चर्चा लोकांनी करायची नाही तर कुणी करायची? पण आमच्या पाहण्यात असे आले आहे की ही चर्चा "आता कोण?" या एका प्रश्नापाशी येऊन थांबते. प्रकरण काय होते आणि त्यातला पैसा कुणाचा होता, हे दोन प्रश्न तसेच राहून जातात. नवा माणूस खुर्चीवर बसला की गुलाल उडतो, आणि गुलालात हिशेब दिसत नाही.

आम्ही ऊस विकास खात्याची माणसे. बेणे, लागण, खोडवा, नोंदी आणि तोडणी कार्यक्रम हे आमचे काम. यांना राजकारणावर लिहायची काय गरज, असे कुणी म्हणेल. गरज अशी की ज्या प्रकरणाबद्दल इथे लिहीत आहोत, त्यात तुमचा-आमचा ऊस होता.

प्रकरण जुने आहे, पण आपल्या राज्याच्या राजकारणाला त्याने जे वळण लावले ते अजून गेलेले नाही. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले ९ जून १९८० रोजी राज्याचे मुख्यमंत्री झाले. पक्षश्रेष्ठींची पसंती, हेच त्यांचे मोठे बळ होते. माणूस कामाचा वाघ. निर्णय घेतला की घेतला. निराधार म्हाताऱ्यांना, विधवांना, अपंगांना महिन्याचा आधार देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच काळात सुरू झाली. आज सेनगाव तालुक्यातल्या कोणत्याही गावी जा, त्या योजनेच्या पैशाची वाट बघणारी म्हातारी माणसे भेटतील. १९८१ साली आपल्या मराठवाड्यात जालना हा नवा जिल्हा झाला, तोही त्यांच्याच कारकिर्दीत. हे सगळे आधी सांगितले पाहिजे, कारण ज्याच्यावर आरोप होतो त्याने काहीच चांगले केलेले नसते, हा समज खोटा आहे. आणि चांगले केले म्हणून हिशेब माफ होतो, हा समज त्याहून खोटा आहे.

अंतुल्यांनी एक न्यास काढला. नाव इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. इंदिराबाई तेव्हा पंतप्रधान होत्या. साहित्य आणि कला यांना उत्तेजन द्यायचे, असा हेतू कागदावर होता आणि हेतू वाईट नव्हता. प्रश्न आला तो देणग्या कशा जमल्या याचा. त्या काळात सिमेंट बाजारात मोकळे मिळत नसे. सरकारी नियंत्रण होते, परमिट होते. जुने सभासद सांगतात, विहिरीच्या बांधकामाला चार पोती सिमेंट पाहिजे तर तहसिलीचे उंबरे झिजवावे लागत. तेव्हा आपला हिंगोली भाग परभणी जिल्ह्यात होता. इकडे शेतकऱ्याला पोत्याची वानवा, आणि तिकडे मुंबईत ज्या बिल्डरांनी प्रतिष्ठानला देणग्या दिल्या त्यांना सिमेंटचा कोटा मिळाला, असा आरोप झाला. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरी यांनी हे प्रकरण छापले आणि देशभर गाजावाजा झाला. जनता पक्षाचे प. बा. सामंत यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला की देणगी आणि सिमेंटचे वाटप यांचा एकमेकांशी संबंध होता. त्या निकालासरशी अंतुल्यांनी राजीनामा जाहीर केला आणि २१ जानेवारीला बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले.

इथवरचे बहुतेकांना माहीत असते, सिमेंट प्रकरण म्हणूनच ते प्रसिद्ध आहे. पण पुढे भारतीय जनता पक्षाचे रामदास नायक यांनी जो फौजदारी खटला चालवला, त्यात सिमेंटवाल्यांच्या जोडीला सहकारी साखर कारखान्यांनी प्रतिष्ठानला दिलेल्या देणग्यांचाही भाग होता, हे किती जणांना ठाऊक आहे? कारखान्यांची कामे सरकारदरबारी अडलेली असतात. परवाना, हमी, उसाचा भाव, मळी, एक ना दोन. काम अडलेले आणि देणगीची मागणी, ही दोन्ही एका वेळी समोर आली तर संचालक मंडळाने "नाही" म्हणायचे कुणाच्या जिवावर?

आता बिल्डरची देणगी आणि कारखान्याची देणगी यात फरक बघा. बिल्डर देतो ते स्वतःच्या खिशातून देतो आणि गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. कारखाना कुठून देणार? कारखान्याला स्वतःचा म्हणून खिसा नाही. साखर, मळी, बगॅस विकून जे येते त्यातून कर्जाचे हप्ते, पगार, तोडणी-वाहतूक जाते आणि राहिलेला पैसा सभासदाचा. म्हणजे देणगी कोणत्याही खाती टाका, ती शेवटी ऊसबिलातूनच गेलेली असते. टनामागे फक्त एक रुपया म्हटले तरी पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचे पाच लाख रुपये होतात. टनामागे एक रुपया कुणाला जड जात नाही, म्हणून कुणी विचारत नाही. आणि कुणी विचारत नाही म्हणूनच तो घेणे सोपे जाते.

खटल्याचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला आणि खटला उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८६ साली आणखी कलमे लावण्याचा आदेश झाला. १९८८ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले की खटला उच्च न्यायालयाकडे सोपवणे हेच मुळात चुकीचे होते. म्हणजे सहा-सात वर्षे गेली ती खटला कुठे चालावा, कुणाच्या परवानगीने चालावा यातच. अंतुले १९९५ साली केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ साली अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले. २०१४ च्या डिसेंबरात ते वारले. दोष कुणाचा किती, हे इतक्या वर्षांनी आम्ही ठरवणार नाही, तो कोर्टाचा विषय. आमचा विषय वेगळा आहे. या सगळ्या काळात पक्षात काय चालले होते?

पक्षात चालले होते ते खुर्चीचे. भोसले आले ते दिल्लीच्या पसंतीने, आमदारांच्या नव्हे. वर्षभर ते आले आणि असंतुष्टांची दिल्लीवारी सुरू झाली. २ फेब्रुवारी १९८३ ला वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. १९८५ च्या जूनमध्ये प्रदेशाध्यक्षपदाच्या नेमणुकीवरून दादांनी राजीनामा दिला आणि आपल्या मराठवाड्यातले शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना संधी मिळाली. वर्षाच्या आतच मुलीच्या वैद्यकीय परीक्षेतल्या गुणांचे प्रकरण उभे राहिले, उच्च न्यायालयाने ताशेरे मारले आणि मार्च १९८६ मध्ये तेही गेले. त्यांच्या जागी शंकरराव चव्हाण आले. १९८८ च्या जूनमध्ये शंकररावांच्या जागी शरद पवार. १९९१ च्या जानेवारीत पवारांच्याच मंत्रिमंडळातल्या काही मंत्र्यांनी राजीनामे टाकून नेतृत्वबदल मागितला, पण तो डाव फसला. १९८२ पासून मोजा, सहा-साडेसहा वर्षांत राज्याने पाच मुख्यमंत्र्यांचे शपथविधी पाहिले. यातल्या कोणत्या बदलाच्या वेळी असंतुष्ट गट म्हणाला की आमचा माणूस बसवा, आणि त्यासोबत देणग्यांची पावतीबुके जनतेसमोर ठेवा? आमच्या ऐकण्यात नाही.

अलीकडचे पाहू. नांदेडचे अशोकराव चव्हाण, म्हणजे आपल्या शेजारचे. मुंबईत कुलाब्याला आदर्श सोसायटीची इमारत उभी राहिली. तीत नातेवाइकांना सदनिका मिळाल्याचे प्रकरण निघाले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. पृथ्वीराज चव्हाण दिल्लीहून येऊन मुख्यमंत्री झाले. २०१४ साली अशोकराव नांदेडातून लोकसभेवर निवडून आले, २०१५ साली प्रदेशाध्यक्ष झाले. २०१७ च्या डिसेंबरात त्यांच्यावर खटला भरण्याची राज्यपालांची परवानगी उच्च न्यायालयाने रद्द केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भारतीय जनता पक्षात गेले. माणूस तोच, आधी ज्यांनी राजीनामा मागितला त्यांनीच पुढे हार घातला. यात आम्ही एका पक्षाला बोल लावत नाही. आरोप हा बहुतेक वेळा विरोधकाच्या हातातला आसूड असतो, आणि पक्षातल्या पक्षात तो शिडी असतो, एवढेच दाखवायचे आहे.

परदेशात वेगळे असते का? विलायतेचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे उदाहरण घ्या. कोरोनात लोकांना घरात बसायला सांगितले आणि यांच्या कचेरीत मेजवान्या झाल्या. एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी त्यांना दंड केला. त्यांच्या पक्षात तेव्हा एक लेखी नियम होता. शंभरातल्या पंधरा खासदारांनी चिठ्ठी दिली तर नेत्यावर गुप्त मतदान घ्यावेच लागे. ६ जून २०२२ ला ते झाले. २११ बाजूने, १४८ विरुद्ध. जॉन्सन वाचले. पण महिन्याभरातच दुसरे प्रकरण निघाले, मंत्र्यांनी धडाधड राजीनामे दिले आणि ७ जुलैला त्यांना जाण्याची घोषणा करावी लागली. तिथेही खुर्चीचे राजकारण आहेच, कुणी साधुसंत नाही. पण आव्हान द्यायची वाट उघड आहे, आकडा उघड आहे. आपल्याकडे आमदारांची बैठक होते, "सर्व अधिकार पक्षश्रेष्ठींना" असा एका ओळीचा ठराव होतो आणि नाव दिल्लीहून पाकिटात येते. मग असंतुष्टाने काय करायचे? दिल्लीची तिकिटे काढायची आणि पेपरवाल्यांच्या कानात प्रकरणे सोडायची. वाट बंद केली की पाणी बांध फोडून जाते.

आता थोडे आमच्या खात्याचे बोलू. उसात चाबूक काणी पडते हे तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. शेंड्यातून काळा चाबूक निघतो. पुष्कळ शेतकरी काय करतात, तो चाबूक मोडून बांधावर फेकतात. रान दिसायला स्वच्छ दिसते. पण काणी बेटात राहते, फेकलेल्या चाबकाची काळी भुकटी वाऱ्याने शेजाऱ्याच्या फडात जाते, आणि खोडव्यात दुप्पट होऊन वर येते. आम्ही वर्षानुवर्षे सांगतो की चाबकावर आधी पिशवी घाला, मग कापा, बेट मुळासकट उपटा, जाळा, त्या फडाचे बेणे वापरू नका आणि काणी जास्त असेल तर खोडवा ठेवू नका. राजकारणात आपण चाबूक तेवढा मोडतो. पुढारी गेला म्हणजे रान स्वच्छ झाले असे समजतो. बेट तसेच असते. बेट म्हणजे कामाच्या बदल्यात देणगी, पावतीशिवाय कपात, आणि विचारणाऱ्याला "तू कोणत्या गटाचा?" असे विचारायची सवय.

या शेवटच्या सवयीने सभासदाचे सगळ्यात जास्त नुकसान होते. वर नेत्यांची झुंज लागली की तिची धग फडापर्यंत येते. तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखेप्रमाणे, जातीप्रमाणे आणि पक्वतेप्रमाणे लावायचा असतो. पण कुठल्याही कार्यक्षेत्रात गटबाजी पेटली की चिटबॉयच्या मागे माणसे लागतात. याचा आधी तोडा, त्याचा राहू द्या. मग कोवळा ऊस गव्हाणीत येतो आणि पक्व ऊस उन्हात उभा राहून वजन घटवतो. उतारा पडतो तो सगळ्यांचाच, कारण भाव सरासरी उताऱ्यावर ठरतो. ज्याचा ऊस वशिल्याने आधी तुटला त्याचेही नुकसान त्यात असते, फक्त त्याला ते दिसत नाही. उसाला गट नसतो. गटाचा माणूस म्हणून कुणाच्या कांडीत साखर जास्त भरलेली आम्ही अजून पाहिली नाही.

यावर कुणी म्हणेल, साहेब, तुम्ही सांगता ते खरे, पण आमच्यासारख्या दोन एकरवाल्याने करायचे काय? पुढारी मोठे, कोर्ट लांब. आमचे म्हणणे असे की मंत्रालयातल्या खुर्चीवर आपला ताबा नाही, पण सहकाराच्या कायद्याने आपल्याला जे दिले आहे ते आपण वापरत नाही.

पहिली गोष्ट, सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत. शंभर एकरवाल्यालाही एक आणि तुम्हालाही एक. ज्या पक्षांच्या भांडणात आपण एवढा रस घेतो, त्या पक्षांत साध्या कार्यकर्त्याला नेता निवडताना एवढाही हक्क मिळत नाही.

दुसरी गोष्ट, कायद्याच्या ३२ व्या कलमाने सभासदाला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांचे इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहायचा हक्क आहे. ही कुणाची मेहेरबानी नाही. लेखापरीक्षण आहे, निबंधकाकडून चौकशीची तरतूद आहे, आणि नुकसान ठरले तर ते जबाबदार माणसाकडून वसूल करण्यासाठी ८८ वे कलम आहे. पदाधिकाऱ्यावर अविश्वास आणायची वाटही कायद्यात लिहिलेली आहे. म्हणजे पाकिटाची आणि दिल्लीवारीची गरज सहकारात नाही.

तिसरी गोष्ट, वार्षिक सर्वसाधारण सभा. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे सप्टेंबरअखेर ती व्हावी लागते. आपल्याकडे सभेचा अनुभव काय? निम्मे लोक जेवणाला येतात, थोडे घोषणा द्यायला येतात, आणि अहवालाचे पुस्तक पिशवीत घडी घालून घरी जाते. "मंजूर, मंजूर" म्हणायला पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांत वर्षाचा हिशेब मंजूर होतो, हे ध्यानात ठेवा.

म्हणून आमची सूचना अशी. अहवाल हातात पडला की इतर काही वाचायच्या आधी देणगी, निधी, ठेवी आणि कपाती ही पाने उघडा. प्रत्येक कपातीपुढे तीन प्रश्न पेन्सिलीने लिहा. हे कुणाच्या ठरावाने कापले? पैसा कुठे गेला, पावती आहे का? परतीचा आहे का बिनपरतीचा? उत्तर मिळाले तर चांगलेच, नाही मिळाले तर सभेत उठून नम्रपणे विचारा. आरडाओरडा करून विचारलेला प्रश्न इतिवृत्तात येत नाही, लेखी दिलेला येतो.

उदाहरण ताजे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर पुराचे संकट आले, पिके गेली, जमिनी खरवडून गेल्या. त्या वेळी सरकारने नव्या हंगामाच्या गाळपावर टनामागे १० रुपये मुख्यमंत्री सहाय्यता निधीला आणि ५ रुपये पूरग्रस्तांना, अशी रक्कम ठरवली. हा भार कारखान्याचा की शेतकऱ्याचा, यावर मोठा वाद झाला. पूरग्रस्ताला मदत द्यायला आपल्यापैकी कुणाची ना नाही, कारण पूरग्रस्त आपलेच आहेत. आम्ही ही गोष्ट त्या जुन्या प्रकरणाच्या पंक्तीला बसवत नाही. पण प्रश्न विचारला गेला, उघड विचारला गेला आणि सरकारला खुलासा करावा लागला, हे चांगले झाले. १९८१ साली उसाच्या पैशाबद्दल असा प्रश्न शेतकऱ्याने सुरुवातीलाच विचारला असता, तर पुढचे पुष्कळ काही टळले असते.

एक सावधगिरीचा शब्दही सांगितला पाहिजे. हिशेब मागणे आणि बदनामी करणे यात फरक आहे. कागद न बघता कुणाला चोर म्हणणे सोपे असते, आणि निवडणूक जवळ आली की असे म्हणणाऱ्यांचे पीक येते. ज्याच्या हातात कागद नाही पण डोळा खुर्चीवर आहे, त्याच्यामागे जाताना दोनदा विचार करा. त्याला विचारा, "तू आलास तर देणगीची पावती भिंतीवर लावशील का?" लावीन म्हणाला तर ते लिहून घ्या. हसून टाळले तर समजा की हा दुसरा चाबूक आहे.

आपल्या भागात ऊस रुजवायला किती कष्ट पडले हे जुन्यांना विचारा. सोयाबीन आणि हळदीच्या या मुलखात, पूर्णेच्या पाण्यावर आणि विहिरी-बोअरच्या भरवशावर, बारा महिन्यांचे पीक उभे करायचे म्हणजे खेळ नाही. ते पीक तुम्ही कारखान्याच्या दारात विश्वासाने आणून टाकता. तो विश्वास कुणा एका पुढाऱ्याच्या येण्या-जाण्यावर टांगून ठेवू नका. पुढारी येतील, जातील, पुन्हा येतील. वजनाची पावती आणि हिशेबाचा कागद एवढे नीट सांभाळले, तर खुर्चीवर कोण बसले याने तुमचे फारसे बिघडणार नाही.

सर्वसाधारण सभेला यावे, वेळेवर यावे, अहवाल वाचून यावे, ही विनंती. येताना चष्मा आणि पेन्सिल विसरू नये.



आपले,
ऊस विकास अधिकारी
(सेनगाव विभाग)